मीठ, वाळू आणि खिशातला फोन

ॲपलच्या फोनसोबत येणाऱ्या तांत्रिक माहितीत एक ओळ असते, ती सहसा कुणी वाचत नाही. फोन वापरण्यासाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावं, असं तिथं लिहिलेलं असतं. इतर कंपन्यांचे आकडेही याच्या आसपासचेच आहेत. मे महिन्यात हर्णैला किंवा गुहागरला दुपारी सावलीतच ३३-३४ अंश असतात. म्हणजे फोनची मर्यादा सावलीतच संपत आलेली असते, आणि फोन मात्र चटईच्या कोपऱ्यावर, उन्हात, काच वर करून पडलेला असतो.

उन्हाचा हिशेब सोपा आहे. डोक्यावरचं स्वच्छ ऊन दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊर्जा टाकतं. फोनची काच साधारण ७ सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर उंच, म्हणजे तिच्यावर दहा वॅटच्या आसपास ऊन पडतं. फोटो काढताना, नकाशा पाहताना फोन स्वतः दोन ते चार वॅट खर्च करतो आणि त्याची सगळी रचना एवढी उष्णता बाहेर टाकण्याच्या बेताने केलेली असते. वरून दहा वॅट येऊ लागल्यावर, त्यातही कव्हर काळं असेल तर, तो दहा-पंधरा मिनिटांत हाताला चटका देण्याइतका तापतो. मग आतली यंत्रणा बॅटरी वाचवायला लागते. आधी चार्जिंग थांबतं, मग स्क्रीन मंद होते, मग कॅमेरा बंद पडतो आणि शेवटी ‘फोन थंड होऊ द्या’ अशी सूचना येते.

स्क्रीन मंद होणं नेमकं नको तेव्हा घडतं. दिवाणखान्यात दिवे लावल्यावर उजेड दोन-तीनशे लक्स भरतो, किनाऱ्यावर तो एक लाख लक्सच्या घरात जातो. काचेवरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. घरात ते चार टक्के जाणवतही नाहीत, किनाऱ्यावर मात्र तेवढ्यातच अख्खं आकाश काचेत दिसू लागतं आणि त्याच्या मागची अक्षरं हरवतात. फोन उजेड ओळखून स्वतःची चमक वाढवतो, चमक वाढली की आणखी तापतो, तापला की चमक कमी करतो. या चक्रातून त्याला काढायचा उपाय एकच, सावली. पंच्यात किंवा टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवला तरी पुरतं. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ठेवणं हा उपाय नाही, तिथं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जातं. आणि थंड पाण्याच्या डब्यात, बर्फाशेजारी ठेवणं तर त्याहून वाईट. कोकणच्या दमट हवेत गार वस्तूवर लगेच दव धरतं आणि ते फोनच्या आतही धरू शकतं.

काही वेळा फोन बिघडलेला नसतोच, दोष गॉगलचा असतो. पोलराइज्ड गॉगल पाण्यावरून येणारी चकाकी कापतात, कारण ती चकाकी मुख्यतः एकाच पातळीत, आडवी थरथरणारी असते. फोनच्या स्क्रीनलाही आतून असाच एक पडदा असतो. हे दोन पडदे एकमेकांना काटकोनात आले की स्क्रीन काळी दिसते. फोन आडवा करून पाहावा.

आता मुख्य शत्रू. किनाऱ्यावर फोन बिघडला की आपण म्हणतो, पाणी गेलं. पाणी हे खरं तर अर्धंच उत्तर आहे.

फोनच्या खोक्यावर ‘आयपी६८’ लिहिलेलं असतं आणि विकणारा त्याला सरसकट वॉटरप्रूफ म्हणून टाकतो. ही मोजणी ‘आयईसी ६०५२९’ या आंतरराष्ट्रीय मानकातून आलेली आहे. पहिला आकडा धुळीचा, ६ ही त्यातली सर्वांत वरची पायरी. दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, आणि ८ म्हणजे त्याहून जास्त, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीने स्वतः सांगायचं. या चाचण्या प्रयोगशाळेत, गोड्या पाण्यात, स्थिर ठेवलेल्या कोऱ्या फोनवर होतात. किनाऱ्यावर यांतली एकही अट पाळली जात नाही. पाणी खारं असतं, लाट जोराने आपटते आणि फोन दोन वर्षांत चार वेळा पडलेला असतो. काच आणि चौकट यांच्यामधली चिकटपट्टी उष्णतेने आणि धक्क्यांनी सैल होत जाते. म्हणून आयपी६८ लिहूनही बहुतेक कंपन्या पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. फोनच्या आत एक छोटी पांढरी चिकटपट्टी असते, ती पाणी लागलं की लाल होते. सर्व्हिस सेंटरमध्ये आधी तीच पाहतात.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते नळाच्या पाण्याच्या साधारण शंभरपट चांगलं वीजवाहक होतं. फोनच्या बॅटरीचा दाब ३.७ व्होल्टच्या आसपास असतो, तर पाण्याचं विद्युत विघटन व्हायला सव्वा व्होल्टही पुरतो. म्हणजे चालू फोनच्या बोर्डावर खारट थेंब पोचला की तिथं शाळेतल्या प्रयोगासारखीच रासायनिक क्रिया सुरू होते. धन बाजूचं तांबं विरघळतं, त्याचे कण ऋण बाजूकडे सरकतात आणि तिथं केसांसारख्या बारीक धाग्यांनी साठत जातात. ज्या दोन तारांमध्ये केसाएवढंच अंतर आहे, त्यांच्यामध्ये असा धागा जुळला की बोर्ड शॉर्ट. हे घडायला वीज लागते, म्हणून भिजलेला फोन ‘चालतोय का’ हे बघण्यासाठी चालू करणं आणि ‘चार्ज होतोय का’ हे बघण्यासाठी चार्जर लावणं, या दोन गोष्टी त्याला समुद्रापेक्षा जास्त मारतात.

त्यानंतरचा भाग अधिक फसवा आहे. सहलीहून घरी आल्यावर फोन नीट चालतो, आठवडाभर चालतो आणि एके दिवशी अचानक स्पीकर गप्प होतो किंवा चार्जिंग थांबतं. पाणी तर पहिल्याच रात्री वाळलं होतं. मीठ वाळलेलं नव्हतं, ते तिथंच बसलेलं होतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच फोनच्या आत घडतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळतं. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला तर तेहतीस-चौतीस टक्केही पुरतात. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथं आर्द्रता वर्षातला बराच काळ सत्तर-ऐंशीच्या घरात असते. म्हणजे वाळलेला थेंब रोज रात्री पुन्हा ओला होतो आणि गंजाचं काम पुढे चालू ठेवतो.

एवढं लक्षात आलं की तांदळाचा उपाय का फसतो तेही कळतं. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवण्याची प्रथा जगभर आहे आणि आपल्याकडे तर डबा हाताशीच असतो. तांदूळ पाणी फार हळू ओढतो, उघड्या हवेत पंख्याखाली ठेवल्याने जे होईल त्यापेक्षा फारसं जास्त काही होत नाही. तांदळाची कणी आणि पीठ चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसतं ते वेगळंच, ॲपलने आपल्या सूचनांमध्ये फोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि समजा तांदळाने सगळं पाणी ओढलं, तरी मीठ ओढण्याची ताकद त्याच्यात नाही.

मीठ काढायला पाणीच लागतं, गोडं पाणी. हे ऐकायला उफराटं वाटतं, आणि घरात कुणी असं करू लागलं तर आजीच आधी ओरडेल. पण फोन आयपी६७ किंवा ६८ असेल, काच कुठे तडकलेली नसेल, तर खाऱ्या पाण्यात पडल्यावर तो बंद करून पिण्याच्या पाण्याच्या बारीक धारेने धुणं हाच योग्य उपचार आहे. जोराची धार नको, नळाखाली दाबून धरणं नको. मग पुसून, खाच खाली करून, हळूच झटकून सावलीत पंख्यासमोर दिवसभर ठेवायचा. हेअर ड्रायर नको, उष्णतेने काचेभोवतीची चिकटपट्टी आणखी सैल होते. फोनला असं मानांकन नसेल किंवा काच फुटलेली असेल, तर धुण्याच्या भानगडीत न पडता तो बंद करून ओल्या, मग कोरड्या कापडाने पुसायचा आणि लवकरात लवकर दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यायचा. तो फोन उघडतो, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो. हे काम दुसऱ्या दिवशी झालं तर फोन वाचण्याची बरीच आशा असते, पंधरा दिवसांनी फारशी नसते. पाण्यात पडलेला फोन ‘चालतोय की’ म्हणून कपाटात ठेवणाऱ्यांची संख्या दुर्दैवाने मोठी आहे.

मनगटावरच्या घड्याळाचंही असंच. त्यावर ‘५० मीटर’ लिहिलेलं असतं, तो स्थिर दाबाचा आकडा आहे, पन्नास मीटर खोल बुडी मारण्याचा परवाना नाही. पोहून आल्यावर तेही गोड्या पाण्यात धुवावं.

वाळूबद्दल आपल्या किनाऱ्यावर बोलण्यासारखं बरंच आहे, कारण कोकणात सगळीकडे एकच वाळू नाही. काचेला ओरखडा पडेल की नाही हे कठीणपणाच्या मोस मापनावर ठरतं. फोनची काच साधारण सहाच्या आसपास, क्वार्ट्‌झचा कण ७, शंख-शिंपल्यांचा चुरा साडेतीन-चार. म्हणजे शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी वाळू काचेचं फार बिघडवत नाही, पण क्वार्ट्‌झचा एक कण खिशात फोनवर घासला गेला की रेघ उमटते. मालवण-वेंगुर्ल्याकडची चमकदार वाळू याच दुसऱ्या जातीची, कारण तिथं बेसॉल्ट संपून जुने, सिलिका असलेले खडक सुरू होतात.

रत्नागिरीत गंमत आणखी वेगळी आहे. रत्नदुर्गाच्या एका बाजूला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मांडवीचा काळा समुद्र, ही नावं वाळूच्या रंगावरूनच पडली आहेत. काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजं असतात, आणि मॅग्नेटाइट चुंबकाला झटकन चिकटतं. फोनच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो. नव्या फोनच्या पाठीवर बिनतारी चार्जरसाठी चुंबकांचं कडं असतं, कव्हरची झडप मिटायला आणखी एखादा. असा फोन काळ्या वाळूवर ठेवला की बारीक काळे कण स्पीकरच्या जाळीवर आपोआप जाऊन बसतात आणि फुंकून निघत नाहीत. मुलांना हे मुद्दाम दाखवावं, पण फोनने नव्हे. घरातला जुना चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूतून फिरवावा, पिशवीला काळी दाढी फुटते. मग पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढला की दाढी गळून पडते. फोनच्या जाळीवरचे कण चिकटपट्टीचा तुकडा अलगद दाबून उचलता येतात. सुई, टाचणी, टूथपिक यांनी कोरायला गेलं की कण आत ढकलले जातात.

प्लास्टिकच्या पारदर्शक पाऊचबद्दल माझं मत चांगलं आहे, दोन अटींवर. आधी आत कागदी रुमाल घालून घरी बादलीत बुडवून पाहायचं. आणि पाऊच उन्हात लटकवून फिरायचं नाही, कारण आतली कोंडलेली हवा फोनला भट्टीत घालते. गळ्यातल्या पाऊचने फोटो काढताना पाण्याखाली टच चालत नाही म्हणून लोक वैतागतात. टचस्क्रीन बोटाचा दाब ओळखत नाही, बोटामुळे विद्युतभारात होणारा बदल ओळखते. खारं पाणी वीजवाहक असल्याने फोनला सगळीकडूनच बोटं लागल्यासारखं वाटतं. ओल्या हाताने पिन टाकताना भलतेच आकडे उमटतात तेही यामुळेच. अशा वेळी आवाजाचं बटण दाबून फोटो काढावा, ते खरं बटण आहे, त्याला पाण्याची फिकीर नाही. आणि चेहरे काळे येत असतील तर दोष कॅमेऱ्याच्या सरासरीचा असतो. मागे पांढरी वाळू आणि चमकतं पाणी पाहून तो सगळं चित्र अंधुक करतो. चेहऱ्यावर बोट ठेवून उजेडाची पट्टी वर सरकवली की काम होतं.

फोनपेक्षा मोठी फजिती गाडीच्या किल्लीने होते. पूर्वी किल्ली म्हणजे लोखंडाचा तुकडा होता, पँटच्या खिशात घेऊन पोहलं तरी काही बिघडत नसे. आताच्या किल्लीत बोर्ड आहे, रेडिओ आहे आणि नाण्याएवढी बॅटरी आहे. ती खिशात विसरून पाण्यात गेलेला घरचा कर्ता पुरुष परत येतो तेव्हा गाडी उघडत नाही आणि घर दोनशे किलोमीटरवर असतं. अशा वेळी दोन गोष्टी माहीत असाव्यात. बहुतेक स्मार्ट किल्ल्यांच्या आत एक साधी धातूची किल्ली लपवलेली असते, तिने दार उघडतं. आणि बॅटरी मेलेली असली तरी किल्लीतली ओळखीची चिप गाडीकडून मिळणाऱ्या लहरींवर चालते, त्यामुळे पुष्कळ गाड्यांत किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून धरली की इंजिन सुरू होतं. नेमकी कुठे टेकवायची ते गाडीच्या पुस्तिकेत असतं आणि ती पुस्तिका, सुदैवाने, गाडीतच असते. पण चिपच खाऱ्या पाण्याने मेली तर काही चालत नाही. म्हणून किल्ली भिजल्याबरोबर उघडून बॅटरी काढावी आणि बोर्ड गोड्या पाण्याने धुऊन वाळवावा. दुसरी किल्ली घरी कपाटात न ठेवता सहलीत, वेगळ्या माणसाकडे ठेवावी.

नेटवर्कचं दुखणं कोकणात भूगोलातून आलेलं आहे. वर जांभ्याचा सडा, खाली उतारावर वाडी आणि तळाशी समुद्र. टॉवर सड्यावर असला तर त्याच्या लहरी कड्याच्या पायथ्याशी नीट पोचत नाहीत. सिग्नल अशक्त झाला की फोन जास्त ताकदीने ओरडू लागतो आणि बॅटरी भराभर उतरते. काम नसेल तेव्हा फोन विमान-मोडवर टाकावा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश नुसते ऐकतं. लागतो तो नकाशा, आणि तो घरी वायफायवर आधीच उतरवून ठेवता येतो. पैशांचं मात्र तसं नाही. शहाळेवाल्याकडेही आता क्यूआर कोड असतो, पण त्याच्या टपरीवर सिग्नलची दांडी नसेल तर कोडचा उपयोग नाही. *९९# ही इंटरनेटशिवाय चालणारी सोय आहे, पण तिलाही मोबाइलचा सिग्नल लागतोच. पाचशे-हजारांची रोकड, त्यातही सुटे, जवळ असावी.

इथवर जे लिहिलं ते सगळं समुद्रापासून फोनला कसं वाचवायचं याबद्दल. किनाऱ्यावर गेल्यावर आपलं बहुतेक लक्ष असतंही तेवढ्यावरच. पण समुद्राबद्दलची सर्वांत उपयोगी गोष्ट फोन सांगू शकतो ती घरून निघण्याआधी, आणि ती विचारणारी कुटुंबं मी फार थोडी पाहिली आहेत. हॉटेलचे रिव्ह्यू वाचले जातात, हवामान पाहिलं जातं, रस्त्यावरचे खड्डे विचारले जातात. भरती किती वाजता, हे राहून जातं.

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात तेव्हा उधाणाची भरती, आणि अष्टमीच्या सुमाराला भांगाची. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढतं-उतरतं. दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो, गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास राहतो. उत्तरेला खंभातच्या आखातात तो मुंबईच्याही दुपटीवर जातो.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, आणि माणसं फसतात ती इथं. दर्यावर्दी लोकांचा बारा भागांचा एक ठोकताळा आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पहिल्या तासाला एक भाग पाणी चढतं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, मग दोन, मग एक. पहिल्या तासात पाणी हललंच नाही असं वाटतं. तिसऱ्या तासात, मुंबईच्या उधाणाला, ते एक मीटर चढतं. किनाऱ्याचा उतार पन्नास मीटरला एक मीटर असेल, तर पाण्याची कड त्या एका तासात पन्नास मीटर आत येते. फोटोसाठी ओल्या, टणक वाळूवर उतरवलेल्या गाड्यांचं पुढे काय होतं ते दर सुटीत बातम्यांत दिसतं. ओल्या वाळूत रुतलेलं चाक फिरवलं की ते आणखी खाली जातं, ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी बोनेटला लागलेलं असतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातही असंच. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, पण परतायला उशीर केला की मधल्या वाटेवर पाणी उभं. ओहोटीच्या वेळेआधी तासभर निघावं आणि ओहोटी होऊन तास उलटायच्या आत परत यावं.

फोनवर दिसणाऱ्या भरतीच्या वेळेमागे बरीच जुनी मेहनत आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची पातळी नोंदवली जाते आहे. लॉर्ड केल्विन यांनी १८७२ च्या सुमारास कप्प्यांवरून फिरणाऱ्या एका दोरीने भरतीचा अंदाज काढणारं यंत्र बनवलं होतं. एडवर्ड रॉबर्ट्‌स यांनी १८७९ मध्ये खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी तसंच एक यंत्र लंडनमध्ये तयार करवून घेतलं. चंद्र-सूर्याच्या ओढीचे वेगवेगळे घटक एकेका चाकाला नेमून दिलेले असत आणि हँडल फिरवलं की सगळ्यांची बेरीज कागदावर वक्ररेषेने उमटत असे. आजही गणित तेच आहे, चाकं तेवढी गेली. त्यामुळे त्याची मर्यादाही तीच. हा आकडा ग्रहगोलांचा आहे, वारा आणि लाटा त्यात धरलेल्या नसतात. लाटांसाठी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेचे इशारे पाहावेत. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने उठलेल्या लांब लाटा स्वच्छ आकाशाखाली, वारा पडलेला असताना आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळतात, आणि त्या येणार हे नुसतं समुद्राकडे बघून ओळखता येत नाही.

वृत्तवाहिन्यांची एक चूक इथं सांगितलीच पाहिजे. पावसाळ्यात ‘आज ४.७५ मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ अशी पट्टी फिरते. तो आकडा लाटेचा नसतो. सागरी नकाशावरच्या नीचतम पातळीपासून भरतीचं पाणी किती वर येईल, ते तो सांगतो. लाटा त्याच्यावर आणखी वेगळ्या.

आणि फोन नसला तरी चालतं. कोळीवाड्यांत आणि कोकणातल्या घरांत चालत आलेला हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाला पूर्ण भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. पडताळा घ्यायचा तर २६ जून २०२५ ची भरती घेऊ. त्या दिवशी आषाढ शुद्ध प्रतिपदा होती. पाऊणपट केल्यावर पाऊण तास, म्हणजे पाऊण वाजता भरती यायला हवी. मुंबई महापालिकेच्या यादीत वेळ होती दुपारी १२.५५, उंची ४.७५ मीटर. दुसऱ्या दिवशी द्वितीया, हिशेबाने दीड, यादीत १.४०. ऐन अमावास्येच्या दिवशी हिशेब पाऊण-एक तास अलीकडे पडतो, तेवढी ढील धरावी. हा हिशेब मुंबई आणि तिच्या आसपासचा आहे. दक्षिणेकडे जावं तशी भरती थोडी आधी येते, खाडीत आत शिरावं तशी उशिरा.

यातून एक गमतीची गोष्ट निघते. आपले सण तिथीवर असल्याने त्या दिवशीची भरती दरवर्षी त्याच सुमाराला येते. नारळी पौर्णिमेला ती दुपारी बाराच्या आसपास असते. लक्ष्मीपूजन अमावास्येला, भाऊबीज द्वितीयेला, म्हणून दिवाळीच्या सुटीत किनाऱ्यावर जाणाऱ्यांना कायम उधाणच मिळतं. दुपारी बारा ते दोनच्या मध्ये पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं, आणि जेवून-झोपून चारला उतरावं तर ते मागे हटत असलेलं. सूर्यास्ताला किनारा सर्वांत रुंद. मुलांना वाळूत खेळू द्यायला याहून चांगली वेळ नाही, मात्र कमरेएवढ्या पाण्यात उभं राहणाऱ्यांनी ओहोटीची ओढ ओळखून असावं. नाताळची गोष्ट वेगळी, तो तारखेवर येतो. २०२६ चा नाताळ पौर्णिमेला लागून आहे, त्यामुळे त्या सुटीत भरती दुपारी एकच्या आगेमागे येईल आणि संध्याकाळचा किनारा दिवाळीसारखाच मोकळा मिळेल. त्यानंतरच्या वर्षी ती वेळ बदललेली असेल, तेव्हा बुकिंग करण्याआधी कॅलेंडरवरची तिथी पाहून घ्यावी.